थोरलीनं वाटे घातले: फुजैरा, मदहा आणि नहवाचे दोन दिवस

हक्कसोडपत्रावर सही करायची नाही हे मी मंगळवारी ठरवलं, आणि ते भावाला तोंडावर सांगायला फुजैराला जायचं हे बुधवारी. फोनवरही सांगता आलं असतं. पण दिनेश फोनवर "हो हो ताई" म्हणतो आणि मग आठवडाभर फोन उचलत नाही. माझा धाकटा भाऊ आहे, मी त्याला पाळण्यापासून ओळखते.

आई आधीच गेली, बाबा जाऊन दोन वर्षं झाली. लांज्याजवळच्या गावातली जमीन आम्हा दोघांच्या नावावर लागली आणि पाठोपाठ काकांनी एक मसुदा पाठवला: बहीण आपला हिस्सा राजीखुशीनं भावाला सोडून देते आहे. मी इथल्या, अबुधाबीतल्या, भारतीय वकिलातीत जाऊन सही-शिक्का करून तो परत पाठवायचा. आमच्याकडे ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की बहिणीला कोणी काही विचारत नाही, सही कुठं करायची तेवढं दाखवतात. सही केली की माहेर शाबूत, हिस्सा मागितला की माहेर तुटलं. मला हिस्साही हवा होता आणि माहेरही, आणि मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी सहाला अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून निघालो. नवरा ड्युटीवर होता, म्हणून गाडीत मी आणि नववीतली लेक सई. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, चहा-पाण्यासकट साडेतीन तास धरा. दुबईत न शिरता बाहेरचा बायपास धरलात तर टोल लागत नाही. टाकी फुल करायला एकशेतीस दिरहॅम लागले, म्हणजे तीन हजारांच्या वर रुपये. हे मोठ्यानं बोलायची माझी सवय इथल्या अकरा वर्षांत सुटलेली नाही. मी बोलायला लागले की सई हेडफोन लावते.

धैद सोडलं की वाळू संपते आणि डोंगर सुरू होतात. अगदी उघडेबोडके डोंगर, औषधालाही गवत नाही, तरी बघत राहावेसे वाटतात. मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला फ्रायडे मार्केट लागतं. नाव शुक्रवारचं, उघडं रोज. गालिचे, कुंड्या, भाजलेली कणसं आणि फळांचे डोंगराएवढे ढीग. पहिला भाव कधीच कबूल करू नका. मी पेरूंची पेटी पस्तीसवरून वीस दिरहॅमवर आणली. दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "खलास बाजी, ले जाओ." बाजी म्हणजे ताई. पेरूंसाठी एवढी भांडणारी बाई स्वतःच्या जमिनीसाठी दोन वर्षं गप्प बसली होती, हे मला पेटी डिकीत ठेवताना जाणवलं आणि स्वतःचाच राग आला.

पुढच्या वाटेवर सईनं तिच्या शाळेच्या प्रेझेंटेशनची तालीम सुरू केली. विषय: मध्ययुगातल्या ड्यूकांच्या राज्यांच्या वाटण्या. ड्यूक म्हणजे राजाच्या हाताखालचा मोठा सरदार, पण आपल्या मुलखात तोच राजा. तो गेला की मुलगे राज्य वाटून घेत, मग त्यांचे मुलगे पुन्हा वाटत. असं होता होता काहींची राज्यं एवढीशी उरली की सकाळी घोड्यावर बसलं तर जेवायच्या आत हद्द संपायची.

"मम्मा, लिसन. देअर वॉज अ रूल इन जर्मनी. द एल्डर ब्रदर डिव्हाइड्स, द यंगर वन चूजेस फर्स्ट. सो द एल्डर कान्ट चीट."

मी गाडीचा वेग कमी केला. "सई, ही तर आपल्या गावची रीत आहे. थोरल्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. तुझ्या आजोबांची आणि माझ्या काकांची वाटणी अशीच झाली. काकांनी वाटे घातले, आजोबांनी उचलला."

"अँड युअर आत्या?"

"ती सगळ्यांसाठी चहा करत होती."

"सेम इन जर्मनी," सई शांतपणे म्हणाली आणि पुढची स्लाइड वाचायला लागली. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. आमच्या घरात थोरली मी आहे. म्हणजे रीत पाळायचीच ठरली तर वाटे घालायचा मान माझा. घरून निघताना मी फक्त "नाही" म्हणायला निघाले होते. फुजैराचा उतार लागेपर्यंत माझ्याकडे काहीतरी मागायला होतं.

दिनेश फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टर्मिनलमध्ये पंप ऑपरेटर आहे. राहतो कंपनीच्या खोलीत, बायको मानसी आणि मुलं गावी. आम्हाला बघून त्याला इतका आनंद झाला की माझा धीरच खचला. त्यानं मासे खाऊ घातले (तिघांचे मिळून नव्वद दिरहॅम, ताटाबाहेर लोंबणारा शेरी मासा), मग किनाऱ्यालगतच्या कॉर्निशवर फिरायला नेलं आणि समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची रांग दाखवली. "ही सगळी आपल्याकडं तेल भरायला थांबलीत," तो म्हणाला, जणू टर्मिनल त्याच्या नावावर होतं. मी दिवसभर तोंड उघडलं नाही. हॉटेलच्या खोलीत (दोनशे दिरहॅम, स्वच्छ, किटली मात्र मागावी लागते) सई म्हणाली, "यू डिडंट टेल हिम." मी तिला दात घासायला पाठवलं.

रविवारीही दिनेशला सुट्टी होती. तो म्हणाला, "तुम्हाला गंमत दाखवतो, यल्ला, चला." आणि तो आम्हाला मदह्याला घेऊन गेला. या सफरीतली हीच जागा चुकवू नका. खोर फक्कानच्या दिशेनं किनाऱ्यानं जाताना डोंगराकडे एक रस्ता वळतो. त्या रस्त्यावर तुम्ही अमिरातीतून ओमानमध्ये शिरता, ओमानच्या पोटातल्या नहवा नावाच्या गावाशी पुन्हा अमिरातीत, शारजात येता. कुठं फाटक नाही, शिक्का नाही.

"ताई, इथनं ओमान."

"कुठनं?"

"गेलं पण मागं."

झेंडे बदलतात आणि फोन दुसऱ्या नेटवर्कवर जातो, एवढाच पुरावा. रोमिंग बंद ठेवा, आणि गाडीच्या विम्यात ओमान आहे का हे आधी बघा. सई खिडकीला नाक लावून बसली होती. तिच्या पुस्तकातले ठिगळांचे नकाशे तिला पहिल्यांदाच पायाखाली सापडले होते.

वाटेत एका केरळी माणसाच्या टपरीवर करक, म्हणजे कडक दुधाच्या, चहाला थांबलो. दीड दिरहॅमला कप. मदहा ओमानचं कसं, असं मी हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "बोलते हैं, पहले बड़े-बूढ़ों से पूछा, तुम किसके साथ? उन्होंने सोचा, हमारा पानी कौन सँभालेगा. जिस पर भरोसा था, उसका नाम लिया." खरं-खोटं त्यालाच ठाऊक. पण म्हाताऱ्यांना निदान विचारलं तरी होतं. मी कप खाली ठेवला.

"दिनेश, त्या कागदावर मी सही करणार नाही."

तो माझ्याकडे वळला. "काका म्हणाले तू करशील."

"काकांनी मला विचारलं नव्हतं."

"भावोजींनी सांगितलंय का?"

"भावोजी ड्युटीवर आहेत. मी सांगते आहे."

त्याचा चेहरा उतरला. मी भांडणाची तयारी करून बसले होते, पण तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मानसी तिथं एकटी सगळं बघते. उद्या तुमच्याकडनं कुणी जमीन विकली आणि परका माणूस विहिरीवर येऊन उभा राहिला तर?"

मी त्याला हावरा समजत होते. तो घाबरलेला होता, माझ्यासारखाच. मी म्हणाले, "विकायची वेळ आलीच तर आधी तुला विचारीन. तू नको म्हणालास तरच दुसऱ्याला. तसं लिहून देते. पण वाटणी करायची."

"आणि वाटे कोण घालणार? काका?"

"मी. थोरली मी आहे."

"अँड मामा, यू चूज फर्स्ट," सई म्हणाली.

त्यानं उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "बाबांची तशीच झाली होती. काढ कागद."

मी मुसफ्फातल्या एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर दुसऱ्यांचे प्लॉट आखते. त्या दिवशी सईच्या प्रेझेंटेशनच्या पाठकोऱ्या कागदावर आमची जमीन आखली. दिनेश बोट ठेवून चुका काढत होता, "ओढा असा सरळ नाय जात, फणसाशी वळतो." घर दिनेशचं, त्यावर वादच नव्हता. पाणी दोघांचं. एका वाट्यात विहिरीसकट आंब्याची बाग, बत्तीस कलमं. दुसऱ्यात भाताची खाचरं, काजूचा माळ आणि रस्त्यालगतची पट्टी.

आता कबुली. दिनेश बागच उचलणार हे मला माहीत होतं. म्हणून मी बांधाची रेघ हळूच सरकवून चार कलमं दुसऱ्या वाट्यात टाकली. मग मनात आलं, त्यानं रस्त्याकडचा वाटा उचलला तर? मग ती चार कलमंही त्याचीच. मी रेघ पुसली. पुन्हा आखली, पुन्हा पुसली. कोणताही वाटा उरला तरी मला रडू येणार नाही, अशी ती आखली गेली तेव्हा तीन कप चहा झाला होता आणि टपरीवाला येऊन नकाशा बघत उभा होता.

दिनेश कागद घेऊन बाहेर गेला. टपरीमागच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात वीस मिनिटं येरझाऱ्या घालत होता. परत आला आणि म्हणाला, "निवडवत नाय."

"म्हणजे वाटे बरोबर पडलेत."

तो हसला आणि बागेवर बोट ठेवलं. "कलमं मी पाणी घालून जगवलीत."

"घे," मी म्हणाले. खाचरं, माळ आणि रस्ता माझा झाला. मला उठून नाचावंसं वाटत होतं. मी टपरीवाल्याला सगळ्यांसाठी चौथा चहा सांगितला.

परतताना किनाऱ्याच्या रस्त्यावर दिनेशनंच काकांना फोन लावला, स्पीकरवर. "काका, तो कागद रद्द. वाटे ताईनं घातले."

"बहिणीनं?" काकांचा आवाज चढला.

"थोरली तीच ना."

मग काकांनी विचारलं, "आधी कुणी उचलला?"

"मी."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले आणि पाऊस-पाण्याचं बोलायला लागले. जन्मभर जी रीत त्यांनी मिरवली, तिच्यापुढे त्यांचं काही चालेना. मी अबुधाबीपर्यंत गाणी म्हणत गाडी चालवली, आणि सईनं हेडफोन लावले नाहीत.

या सफरीचा एकूण खर्च सातशे दिरहॅमच्या आत बसला, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये. डिसेंबर ते फेब्रुवारी जा, उन्हाळ्यात त्या डोंगरांच्या वाटेला जाऊ नका. सईला प्रेझेंटेशनला पैकीच्या पैकी मिळाले. मुलींना काहीच का मिळत नसे, ही स्लाइड तिनं शेवटी स्वतःहून वाढवली होती. मे महिन्यात आम्ही दोघं गावी जाऊन वाटणीपत्र नोंदवून आलो. माहेर तुटलं नाही. मानसीनं मला सगळा बांध फिरवून दाखवला.

परवा दिनेशचा फोन आला. "ताई, विहिरीपासनं घरापर्यंत नवीन पाइप टाकायची आहे. तुझ्या खाचरातनं न्यावी लागेल. नेऊ का?"

त्या गावात मला आजवर कधी आलीस, जेवलीस का, कधी जाणार, एवढंच विचारलं गेलं होतं. परवानगी कोणी मागितली नव्हती. "विचार करून सांगते," मी म्हणाले आणि त्याला चांगला अर्धा तास ताटकळत ठेवलं.

मग फोन करून सांगितलं, "ने. पण माझ्या बांधाच्या कडेकडेनं."