विजेची गाडी आणि अर्धा कोयता

दुधाला विजेची गाडी घ्या, हा हट्ट माझा होता. चेरमनचा नाही, संचालक बायांचा नाही, माझा एकटीचा. त्यामुळं पुढं जे जे बिघडलं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं, आणि खोटं कशाला बोलू, मी चिडले तरी ते बरोबरच होतं.

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती आणि मी तिची सचिव. त्याआधी अकरा हंगाम मी ऊस तोडलेला. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणूस एकटा गेला तर तो अर्धा कोयता, आणि फडात त्याला वागवतातही तसंच अर्ध्यासारखं. संस्थेचं काम मिळालं त्या साली मी नवऱ्याला म्हटलं, "यंदा तुमी एकटेच जा. मी न्हाई येत." तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "जातो. पर संस्था बसली तर तुला यावं लागंल, बग. मुकादम अर्ध्या कोयत्याला लई दिस ठेवून घेत न्हाई." मी ठसक्यात म्हटलं, "बसत न्हाई संस्था." तो माजलगावकडं गेला. दोन लेकरं, सासूबाई आणि मी मागं राहिलो.

बोलून तर बसले होते. पण दिवाळी झाली की गावातल्या माणसांच्या आधी गावातली चाकं कारखान्याला जातात. ट्रॅक्टर जातात, टेम्पो जातात, बैलगाड्या जातात, मोटरसायकलीसुद्धा फडावर जातात. दूध मात्र इथंच राहतं. ते मांजरसुंब्याच्या रस्त्यावरच्या शीतकरण केंद्रात सकाळी नऊच्या आत पोचवायचं, चौदा किलोमीटर. म्हणून संस्थेची स्वतःची गाडी हवी होती, आणि डिझेलचा खर्च नको म्हणून मी तीनचाकी विजेची सुचवली. चेरमन म्हातारे, संस्थेच्या कागदावर नाव त्यांच्या सुनेचं. ते म्हणाले, "सचिव म्याडम, डिझेल संपलं तर बाटलीत आनता येतंय. लाईट संपली तर कशात आनायची?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले आणि ठरावावर सह्या घेऊन टाकल्या.

गाडी आली तर पहिल्याच दिवशी निम्मं दूध राहिलं, कारण तिला आवाजच नव्हता. आमच्या बाया टेम्पोची घरघर ऐकून म्हशीखालून उठायच्या. ही बया गुपचूप दारावरून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीत शिरले की तोंडानंच ओरडायची, "दूऽऽध आना गं!" घसा बसला माझा. शाळेतली पोरं माझी नक्कल करायची.

तेही चाललं असतं. पण त्या साली पाऊस नव्हता, आणि दुष्काळात पाण्याबरोबर लाईटही जाते हे मला तोवर नीट उमगलं नव्हतं. बोअरला उरलेलं गुडघाभर पाणी ओढायला जो तो मोटार लावायचा, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालल्या की डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळायची, आणि डीपी जळाली की दुसरी मिळेपर्यंत गाव अंधारात. पाटोद्यात एका हॉटेलपुढं चार्जिंगची पाटी होती, म्हणून एकदा तिथवर गेले, तर तिथला दांडा मोठ्या कारचा, आमच्या गाडीत बसेचना. तिथला पोरगा म्हणाला, "काकू, हे येगळं हाय." मी म्हटलं, "तेवढं मला दिसतंय बाबा." येताना मी सारखी मीटरच्या काचेवरचे बॅटरीचे टक्के बघत होते. एकतीस. एकोणतीस. चढ आला की सव्वीस. घरात भाकरी थापताना, लेकराचं डोकं विंचरताना, कुणी काही बोलत असताना माझ्या डोक्यात तेच. बसले तर उठावंसं वाटायचं, उठले तर गाडीकडं जाऊन यावंसं वाटायचं. दिवसातून दहादा मी त्या गाडीची किल्ली फिरवून बघायची, जणू बघितल्यानं आकडा वाढणार होता.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं तोंड म्हणजे तव्यावरच्या ज्वारीच्या लाह्या. "म्हशीला पेंड न्हाई अन् हिला रोज लाईट पाजायची," म्हणायच्या. "कावून आनली गं ही? नांगराला न्हाई, पान्याला न्हाई. नुसती बसून खाती." मला वाटायचं, ह्यांना माझं सचिव होणंच सलतंय. सून फडात गेली तर लेकाची जोडी पुरी होते, असं त्यांच्या मनात असणार. मी उत्तर द्यायची नाही, भांडी आपटायची.

डीपी जळाली त्या दिवशी गाडी हललीच नाही, दूध दुपारी एका जीपवाल्याच्या हातापाया पडून पाठवलं. ते फाटलं. पंधरा दिवसांनी रातभर लाईट नव्हती, मी अर्ध्या वाटेवरच्या एका पिठाच्या गिरणीत दीड तास गाडी लावून पुढं गेले आणि अकराला पोचले. तेही फाटलं. केंद्रावरचा माणूस भला होता, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. "ताई, तिसऱ्यांदा असं झालं तर तुमच्या गावचं संकलन बंद. वरून तसं पत्रच हाय." मी पत्र वाचलं आणि परत येताना मला रडू आलं. कारण त्या पत्रात माझा कोयता होता.

त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी लाईट आली आणि त्याच वेळी पाण्याचा टँकर आला. मी घाईघाईनं चार्जर लावला. गाडीत वीस टक्के होते. हंडे घेऊन टँकरवर पळाले, तिथं नेहमीसारखी रेटारेटी, तासभर गेला. परत आले तर चार्जरवरचा लाल दिवा दिसेना. मला वाटलं, लाईट गेली असेल. पण घरात बल्ब तर चालू. जवळ गेले तर चार्जरवर ओलं गोणपाट, व्यवस्थित चारी बाजूंनी गुंडाळलेलं, आणि खालून पाणी ठिबकतंय.

आमच्याकडं उन्हाळ्यात दुधाच्या क्यानीला ओलं गोणपाट गुंडाळतात. वाऱ्यानं क्यान गार राहते, दूध टिकतं. सगळ्या बाया हेच करतात, मीच त्यांना शिकवते. आत्याबाईंनी चार्जरला हात लावून बघितला होता, तो तापलेला लागला, आणि त्यांनी क्यानीचा उपाय त्याला केला. तेही प्यायच्या पाण्यातलं अर्धी घागर पाणी ओतून.

मी जे बोलले ते आज लिहितानाही माझे कान गरम होतात. "पुरी झाली का हौस? झालं ना तुमच्या मनासारखं? आता बांधते बोचकं, जाते कोयता घ्यायला! बसा तुमी हितं निवांत!" शेजारच्या बाया कुंपणापाशी गोळा झाल्या. आत्याबाई एरवी एकाला चार बोलणाऱ्या, त्या दिवशी नुसत्या चार्जरपाशी वाकल्या. गोणपाट पिळलं, ते पाणी म्हशीच्या डोणीत सोडलं आणि आत गेल्या.

चार्जर मेला तो मेलाच. त्याचा मिस्त्री फोनवर म्हणाला, आठ दिवस लागतील.

सकाळी काचेवर एकवीस टक्के. वीसच्या खाली गेलं की ह्या गाडीत कासवाचं चित्र लागतं, म्हणजे ती रांगतच चालते आणि भरलेली असली तर चढ चढतच नाही. आमच्या गावाबाहेर ओढा ओलांडला की लगेच खडा चढ. पुढं सगळं माळरान सपाट. मी वीस-वीस लिटरच्या बारा क्यानी भरल्या. बायांना सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. कुणी म्हणालं, दूध घरीच ठेवा, दही लावू. चेरमन काठी टेकत आले होते, ते म्हणाले, "न्हाई पाटवलं तरी बंद, फाटलं तरी बंद. मग जाऊ तरी द्या." पहिल्यांदाच ते माझ्या बाजूनं बोलले.

ओढ्यात उतरतानाच कासव लागलं. चढाला गाडी चार हात गेली आणि थांबली. मी मूठ पिळून धरली तरी ती नुसती थरथरायची. पावणेआठ वाजले होते. मी हँडलवर डोकं टेकलं. आता मुकादमाचा फोन, ट्रकवर चढणं, पहाटे तीनला उठणं, पाचटातली खोपी.

मागून बायांचा आवाज आला. त्या गावातून चालत आल्या होत्या, दहा-बारा जणी, डोक्यावर चुंबळी ठेवूनच. कुणीतरी गाडीची मागची फळी पाडली, कुणीतरी क्यान खाली ओढली. "म्याडम, उतरा आन् हात लावा!" रोज डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन कोसभर चालणाऱ्या बाया त्या. एकेकीनं एकेक क्यान चुंबळीवर घेतली आणि चढाला लागल्या. त्यांच्यात आत्याबाई. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळात जायची नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी नका." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रिकामी गाडी रांगत रांगत वर गेली, आणि तिच्या पुढं त्या सगळ्या.

माथ्यावर क्यानी परत भरल्या. पुढचा रस्ता मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सायकलवाले मला ओलांडून जात होते. सोळा, चौदा, अकरा. केंद्राच्या फाटकात शिरले तेव्हा नऊला सात मिनिटं कमी होती आणि काचेवर पाच टक्के. तिथल्या माणसानं नळीत दूध घेतलं, तापवलं, उजेडात धरलं. माझ्याकडं बघून मान हलवली. चांगलं होतं. मी तिथंच पायरीवर बसून पाणी मागितलं आणि प्यायला विसरले.

परत येताना एका टेम्पोवाल्यानं दोर लावून गाडी ओढत आणली, आणि चार्जर येईपर्यंत आठ दिवस दूध न्यायलाही तो तयार झाला. चढाच्या माथ्यावर बघते तर बाभळीखाली आत्याबाई बसलेल्या. बाकीच्या केव्हाच घरी गेल्या होत्या. ह्या तीन तास तिथंच, उन्हात. मी टेम्पो थांबवायला सांगितला आणि त्यांना गाडीत माझ्या शेजारी घेतलं. त्या आधी कधी त्या गाडीत बसल्या नव्हत्या.

"घेतलं का दूध?"

"घेतलं."

"मग तू जात न्हाईस?"

"न्हाई."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. टेम्पो उताराला लागल्यावर समोर बघतच बोलल्या. "त्ये डबडं लई तापलं होतं गं. म्या म्हनलं, जळालं तर गाडी बसंल, आन् गाडी बसली तर तू जाशील. म्हनून भिजवलं."

अकरा वर्षं मी दिवाळीनंतर ह्या बाईच्या ओट्यावर लेकरं सोडून गेले होते, आणि जाताना त्यांचं तोंड नेहमी वाकडं असायचं. मी समजायची, मी जाते ते ह्यांना बरं वाटतं, फक्त लेकरं सांभाळायचा कंटाळा आहे.

"तू गेलीस का लेकरं झोपल्यावर सांच्यापारी मी भिंतीशी बोलत बसते," आत्याबाई म्हणाल्या. "यंदा तू हायीस तर भांडाया तरी मानूस हाय."