लान नदीवर गेटवाल्याची वाट बघताना

नदीकडे वळण्याआधी मला कमलमामींचं नाव लिहायला हवं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. भूमला बारावी करून मी इंजिनिअरिंगसाठी निगडीला आलो, तेव्हा मामा नुकतेच गेले होते आणि मामींनी घरातच खानावळ सुरू केली होती. माळ्यावरची एकुलती एक खोली भाड्याने दिली असती तर त्यांना आधार झाला असता. ती त्यांनी मला दिली. पुढे मी शिकलो, चाकणला नोकरीला लागलो, पण खोली तीच राहिली. कंपनीने मशीनच्या ट्रेनिंगसाठी मला जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मामी बॅगेच्या कोपऱ्यात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कोंबत म्हणाल्या, "तिकडनं एक पत्र टाक. फोनवरचं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

पत्र टाकायचं राहूनच गेलं. ट्रेनिंग संपत आलं आणि कंपनीने विचारलं, आणखी दोन वर्षं तिथेच थांबणार का? सोमवारी सकाळपर्यंत उत्तर हवं होतं. शनिवारी मी मामींना फोन लावला.

"मामी, काय करू?"

"काय करू म्हंजी? तुजं तू बघ."

"तसं नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय त्यात? हां, एक परभनीची पोरगी आलीय. चाकनला कंपनीत लागलीय. तुजी खोली मागतीय. मी म्हनलं थांब बाई, अजून काय ठरलं न्हाई. आरं, आमटी उतू चालली, ठेवते."

फोन बंद झाला आणि मी जास्तच गोंधळलो. खोली मागणाऱ्या मुलीचं त्यांनी का सांगितलं? मी येऊ नये म्हणून? की खोली अजून माझ्यासाठी अडवून ठेवली आहे, तेव्हा मी यावं म्हणून? 'तुजं तू बघ' हे रागाने म्हटलं की मायेने? ज्या माणसाचं मी इतकं देणं लागतो, त्याला न विचारता मी दोन वर्षं कशी ठरवणार होतो? आणि विचारलं, तर उत्तर आमटीने दिलं.

रविवारी सकाळी इम्रानने दार वाजवलं. इम्रान आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याच्या वडिलांचं चिखलीला गॅरेज आहे, आणि ट्रेनिंगला आम्ही दोघंच आलो होतो.

"भावा, तोंड सुतक असल्यासारखं करून बसू नको. नदीवर चल. होडी भाड्याने देतात म्हणे, आपली आपण वल्हवायची."

"मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठं येतंय? जॅकेट देतात, राव!"

छोट्या रेल्वेगाडीने आम्ही लान नदीच्या खोऱ्यात उतरलो. दोन्ही बाजूंना झाडांनी भरलेले डोंगर, मधे हिरवी कुरणं, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं आणि प्रत्येक गावाला एक टोकदार चर्च. स्टेशनवर तिकीट देणारा नव्हता, तिकीट बघणाराही नव्हता. गावातून चालत नदीकडे निघालो तर एकही दुकान उघडं नाही, रस्त्यावर माणूस नाही. खिडक्यांत लाल फुलं आणि पडद्याआड बसलेलं एक मांजर, एवढाच काय तो जीव.

"आज बंद पुकारलाय का काय?" इम्रान हळू आवाजात म्हणाला.

रविवार म्हणजे इकडे खरोखरच सुट्टी, हे आम्हाला माहीत होतं. तरी ती शांतता अंगावर यायची. निगडीच्या बसस्टँडवर रविवारी जास्त गर्दी असते.

होडीवाला मात्र होता. त्याने आम्हाला नारिंगी जॅकेटं चढवली, एक नकाशा हातात दिला आणि नदीकडे बोट दाखवत जर्मनमध्ये बरंच काही सांगितलं. मधे मधे तो हवेत चाक फिरवल्यासारखा हात फिरवत होता. आम्ही दोघांनी मान हलवत "या, या" (हो, हो) म्हटलं. मान हलवली की आपल्याकडे समोरच्याचं समाधान होतं. त्याचंही झालं. संध्याकाळी वाइलबुर्ग नावाच्या गावी तो होडी परत न्यायला येणार, एवढं आम्हाला समजलं.

पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे दिसत होते. आळंदीला इंद्रायणीत पाय सोडायच्या आधी मी रसायनांचा फेस आहे का ते बघतो, त्या सवयीने इथेही बघितलं. फेस नव्हता. होडी मात्र आमचं काही ऐकत नव्हती. मी डावीकडे वल्हवलं की इम्रानही डावीकडे. होडी गोल फिरायची आणि काठावर जाऊन नाक खुपसायची. एकदा इम्रानने तोल सावरायला काठावरच्या झुडपाला हात घातला आणि किंचाळला. ती ब्रेननेसल (खाजकुइलीसारखी आग करणारी झाडं) निघाली. पुढचा बराच वेळ तो एक हात पाण्यात घालून बसला आणि मी एकटा वल्हवत राहिलो.

"तू थांबणार का रे इथं?" त्याने विचारलं.

"मामी काही सांगत नाहीत."

"तुला विचारलं मी. मामींना नाही."

मी जोरात वल्हवायला लागलो. तेवढ्यात नदी अडली.

समोर बंधारा होता, त्यावरून पाणी खाली कोसळत होतं. बाजूला दगडी भिंतींचा एक अरुंद कालवा आणि त्याच्या तोंडाशी लाकडाचं मोठं बंद दार. याला तिथे श्लॉयझे म्हणतात (दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी कोठी, होडी आत घ्यायची, दारं लावून कोठीतलं पाणी उतरवायचं आणि होडी खालच्या पातळीवर सोडायची). दाराच्या वर, काठावर, लोखंडी चाकं होती.

"गेटवाला कुठंय?" मी म्हणालो.

"जेवायला गेला असेल."

आम्ही दाराजवळच्या कडीला होडी धरून बसलो. इम्रानने दोनदा हाक मारली, "ओ दादा! दादा, ओ!" डोंगरावरून हाक परत आली. काठावर एक पाटी होती, जर्मनमध्ये, चित्रांसकट. चित्रातला माणूस चाक फिरवत होता. आम्हाला वाटलं, तो गेटवाला.

हे वाचून कोणी हसेल. पण आमच्या कंपनीत शिकवतात ते आधी ऐका. दुरुस्तीला थांबवलेल्या मशीनवर ज्याने ती थांबवली त्याच्या नावाचं कुलूप लावतात, आणि ते कुलूप त्याच्याशिवाय कोणी काढायचं नाही. दुसऱ्याच्या मशीनला हात लावला आणि आत कोणाची बोटं असली तर? पहिल्या दिवसापासून हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. इम्रान तर मेंटेनन्सचा. तो काठावर चढला, हात पाठीमागे बांधून चाकांभोवती फिरला आणि परत आला.

"कुलूप नाही."

"मग फिरव."

"फिरवू कसा? ऑपरेटर कोण आहे माहीत नाही, खालून कोणी येत असेल. तू फिरव, तू साहेब आहेस."

"मी साहेब आहे म्हणूनच नाही फिरवणार."

चटणीचा डबा उघडून आम्ही पावाबरोबर चटणी खाल्ली. ऊन डोक्यावर आलं. गेटवाला आला नाही.

आली ती एक म्हातारी. पिवळ्या लहान होडीतून, एकटी, डोक्याला रुमाल. आमच्याजवळ येऊन तिने इंग्रजीत विचारलं, "काही मोडलं का?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही गेटवाल्याची वाट बघतोय."

"कोणाची?"

"हे दार उघडणाऱ्याची."

तिने आमच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, उघड्या डब्याकडे बघितलं. मग ती अशी हसायला लागली की तिची होडी डुलू लागली. "इथे कोणी नसतं! जो येतो, तोच उघडतो."

"पण परवानगी..."

"कोणाची? माझ्या आधी आलेला तर केव्हाच पुढे गेला!"

तिचं नाव रेनाटे. ती काठावर चढली आणि आम्हाला कामाला लावलं. आधी खालचं दार बंद आहे ना, ते बघायचं. मग वरच्या चाकाने कोठीत पाणी घ्यायचं. इम्रान घाईघाईने चाक फिरवायला लागला तशी ती ओरडली, "हळू! हा काय सायकलचा पंप आहे?" इम्रान मराठीत पुटपुटला, "आयला, ही तर तुझ्या मामींची बहीण निघाली." पाणी भरलं, दार आपोआप हलकं झालं, आम्ही दोघांनी ढकललं. होड्या आत. वरचं दार बंद. खालच्या चाकांवर मी होतो. पाणी उतरू लागलं, भिंती उंच होत गेल्या, आणि होडीत दोर धरून बसलेला इम्रान खाली खाली जात म्हणाला, "दत्ता, काही चुकलं तर घरी सांग, बहादुरीने गेला!"

काही चुकलं नाही. खालचं दार उघडलं, मी शिडीने होडीत उतरलो आणि आम्ही मोठ्या रुबाबात बाहेर पडलो. थोडं पुढे गेलो तर मागून आरडाओरडा. रेनाटे काठावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

"दार! दार कोण लावणार?"

आम्ही प्रवाहाविरुद्ध धापा टाकत परत आलो. दार लावलं, पाण्याची झडप खाली केली, चाकं जशी होती तशी केली. "मागून कोणी येतंय का?" मी विचारलं. नदीवर दूरवर कोणी नव्हतं.

"येईल की," रेनाटे म्हणाली, आणि हात झटकून निघाली.

वाइलबुर्गला नदी डोंगराला मोठा वळसा घालते. तो वळसा टाळायला फार पूर्वी लोकांनी डोंगरातून होड्यांसाठी बोगदा खणला आहे. वर डोंगरावर राजवाडा, खाली अंधारात आम्ही. इम्रानने बोगद्यात शीळ घालून बघितली. पलीकडे पुन्हा दारं, इथे एकापुढे एक दोन कोठ्या. रेनाटे मागे राहिली होती. इम्रानने माझ्याकडे बघितलं. मी काठावर चढलो, खालचं दार बघितलं आणि चाकाला हात घातला.

काठावरच्या हॉटेलात आम्ही कार्टोफेलपुफर (किसलेल्या बटाट्याचं तळलेलं थालीपीठ) मागवलं. त्याबरोबर वाटीत सफरचंदाचा गोड गर आला. खाऱ्या थालीपिठाला गोड गर का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. उरलेली चटणी लावून खाल्लं. मागून रेनाटे आली, चटणी चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली.

परतीच्या गाडीत इम्रान झोपला. खिडकीतून नदी कधी दिसायची, कधी झाडांत जायची. कालपासून मी मामींच्या एका 'हो'ची वाट बघत होतो, आणि मामी त्या बिचाऱ्या परभणीच्या मुलीला थांबवून माझी. मी बॅगेतून कागद काढला आणि लिहायला लागलो. सोमवारी ऑफिसला उत्तर दिलं आणि तो कागद पोस्टात टाकला. तो असा:

ती. कमलमामीस,

दत्ताचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. आज इम्रानबरोबर नदीवर गेलो होतो. बुडालो नाही. चटणी संपली, त्यातली अर्धी एका जर्मन आजीबाईंनी खाल्ली.

मामी, मी दोन वर्षं इथे थांबतो आहे. हे विचारत नाही, सांगतो आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय मी आजवर काही ठरवलं नव्हतं, म्हणून हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. तुमच्यामुळे मी इथवर आलो, हे फोनवर कधी बोलता येत नाही. आमटी उतू जाते.

माझी खोली त्या परभणीच्या मुलीला द्या. माझी पुस्तकं खोक्यात भरून माळ्याच्या जिन्याखाली ठेवा. तिला एवढं सांगा की खिडकीची वरची कडी अडकते. ती आधी वर उचलायची, मग ओढायची. जोर लावायचा नाही. आणि पावसाळ्यात कॉट भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, त्या कोपऱ्यात ओल येते.

आपला,
दत्ता