शेवंताचा डावा पाय

शेवंता कधी गप्प बसलेली पाहिली असं दिल्ली कॅन्टोन्मेंटात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. सरोजिनी नगरात एका स्वेटरसाठी ती दुकानदाराशी अशी हुज्जत घालायची की शेवटी तोच तिला चहा पाजायचा. मागे पिशव्या सांभाळत उभा असायचा तिचा नवरा, हवालदार पांडू. परेडच्या मैदानावर ज्याच्या आवाजाने नवे जवान लटपटायचे, तो बायकोपुढे चकार शब्द काढत नसे.

पांडू निवृत्त झाला तेव्हा दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकाच्या गेटवर त्याला नोकरी लागली आणि दोघं मुलीला, सोनमला घेऊन तिथेच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिली. बस्तान बसतंय न बसतंय तोच शेवंताला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मशीनचा शेक घेऊन झाला. आजार गेला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तो खरंच गेला. पण जाताना डावा पाय सुजवून गेला. चप्पल चढेना. जोडवं बोटात रुतलं, ते कापून काढावं लागलं. शेवंता घराबाहेर पडायची बंद झाली.

सुजेचं तिला तेवढं वाटलं नाही. तिला खुपत होती ती पांडूची खाट. मशीनचा शेक सुरू झाल्यापासून ती व्हरांड्यात गेली होती. मानेसरची थंडी काही साधी नसते, पण हा बाबा दोन घोंगड्या पांघरून बाहेरच झोपायचा. दिवसा मात्र पाणी भर, कुकर लाव, सगळं करायचा. शेवंताने मनाशी ठरवून टाकलं, याला आपली किळस येते. पोटात पिशवी नाही, पाय हत्तीसारखा. आपण आता याची बायको कसल्या? हे तिने कुणाला सांगितलं नाही. ती नुसती गप्प झाली.

हॉस्पिटलातल्या सिस्टरने सुजेवर पट्टी बांधायला सांगितली होती. रोज सकाळी उठल्याबरोबर, बोटांपासून मांडीपर्यंत, खाली घट्ट आणि वर सैल. शेवंताला वाकता येईना, म्हणून सोनम बांधायची. पोर कॉलेजच्या घाईत गुंडाळायची आणि दुपारपर्यंत पट्टी घोट्याशी गोळा व्हायची. पांडू हे रोज पाहायचा. उभा जन्म ज्याने बुटांवर पट्ट्या बांधल्या आणि जवानांच्या तपासल्या, त्याला ती ढिली पट्टी बघवेना. एक दिवस तो खाली बसला.

"सोनम, सरक. मी बांधतो."

शेवंताने पाय झटकन पोटाशी ओढला. "अहो, काय करता? माझ्या पायाला हात लावू नका. पाप कुणाला लागेल?"

"मम्मी, यार, प्लीज," सोनम म्हणाली. "बांधू दे ना पप्पांना."

"पाप माझ्या नावावर टाक," पांडू म्हणाला. "पाय सरळ कर. अंगठा वर."

आवाज परेडचा होता. शेवंताचा पाय आपोआप सरळ झाला. पांडूने बांधलेली पट्टी रात्री सोडेपर्यंत जागची हलली नाही.

मग ते रोजचंच झालं. सूज थोडी उतरली, शेवंता दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊ लागली. पण पट्टी गुडघ्याच्या वर गेली की पांडू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचा. एका सकाळी तिला ते सोसवेना.

"एवढी किळस येते तर बांधता कशाला?"

पांडूचा हात थांबला. "किळस? कुणी सांगितलं?"

"तुमच्या खाटेने."

त्याने पट्टीचं टोक खोचलं. "मशीनचा शेक चालू होता तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, अभी इनसे दूर रहिए. कधीपर्यंत, ते त्यांनी नाही सांगितलं. हुकूम आल्याशिवाय पोस्ट कशी सोडायची?"

"मग विचारायचं की त्यांना."

"बाईमाणसाला? असलं?" पांडू कानापर्यंत लाल झाला. "तुला काही झालं असतं म्हणजे, शेवंता? मला भीती वाटली गं."

शेवंताला हसू आलं आणि रडूही आलं. या येड्या माणसाने दोन हिवाळे थंडीत काढले होते, आणि आपण त्याला मनातल्या मनात किती बोललो, असं तिला झालं.

पुढच्या तपासणीला तिने सोनमला औषधं आणायला पिटाळलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत डॉक्टरीणबाईंना स्वतःच विचारलं. त्या म्हणाल्या, मनाई केव्हाच संपली. घाई करू नका, दुखलं तर सांगा, त्यावर मलम आहे, लाजू नका.

परत येताना तिने शेअर ऑटो कारखान्याच्या गेटवर थांबवली. कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती. पांडू गणवेशात ताठ उभा होता.

"हुकूम आला," ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा ऑटोत बसली. पांडूने त्या गडबडीत एका हेल्परला सलाम ठोकला.

संध्याकाळी त्याने घरी येऊन बूटसुद्धा न काढता खाट उचलली. ती दारातून आत येईना.

"आडवी कशाला घुसवता? तिरकी करा. भिंतीचा रंग जाईल, मालकीण ओरडेल. हां, आता पाय आत घ्या. खाटेचे हो, तुमचे नाहीत. एवढी वर्षं फौजेत काय केलं तुम्ही?"

शेवंता बोलतच राहिली. पांडू खाट धरून दारात उभा होता आणि चकार शब्द न काढता ऐकत होता.