बर्फासाठी आणलेला कापूस

माझ्या धाकट्या भावाला जगातल्या प्रत्येक अडचणीवर मोबाइलमध्ये उपाय सापडतो. नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून तर जरा जास्तच सापडतो. त्या नाताळात त्याला आमच्या आईची मांजरी ही अडचण वाटली. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

आमचं गाव खामगाव तालुक्यातलं. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, पण नाताळ दणक्यात. आमचं झाड म्हणजे तेलाच्या डब्यात रोवलेली सुरूची फांदी, तिच्यावर रंगीत कागदाच्या साखळ्या, आणि बर्फ म्हणून दुकानातला वातींचा कापूस. आमच्याकडे बर्फ म्हटलं की माणसाला रसवंती आठवते, पण झाडावर तो पाहिजेच.

बाबा गेल्यावर घरात मी आणि आईच उरलो. मी शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे दिवसभर आई एकटी. तेव्हा बाईच्या तोंडून दिवस-दिवस शब्द निघत नव्हता. मग ही मांजरी कुठून तरी आली आणि आईच्या पायाशी राहिली. आई तिच्याशी बोलायला लागली. भाजी निवडताना, औषध घेताना, "पाह्य व माय, कसली कडू गोळी देली या डॉक्टरनं," असं काहीबाही. मांजरीशी बोलता बोलता ती माझ्याशीही बोलायला लागली. डॉक्टरला जमलं नाही, पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनं झालं नाही, ते त्या मुक्या जनावरानं केलं.

भाऊ त्या वर्षी बायको आणि मुलींना घेऊन आला. सोबत खोक्यात प्लास्टिकचं झाड, या वर्षी सुरूच्या फांदीऐवजी तेच लावायचं म्हणे. आल्या आल्या त्यानं आईला बजावलं, "मुलींसमोर मले-तुले करू नकोस, त्या लगेच उचलतात." आई हसली. मला नाही हसू आलं. ज्या भाषेत तुला न्हाऊ-माखू घातलं, तिची आता लाज वाटते का, असं तोंडावर आलं होतं. सणाचे दिवस म्हणून गिळलं.

वर वातींचा कापूस त्याला फोटोत खोटा वाटायला लागला! शेजारच्यांच्या ओसरीवर नुकताच वेचून आणलेला कापूस पडला होता. त्यातला पोतंभर हा मागून घेऊन आला, सरकीसकट. आम्ही सगळ्यांनी मिळून तो झाडावर चढवला, बुंध्याशी जाड गादीसारखा पसरला. झाड भरलं खरं. वहिनीनं फोटो काढून पुण्याला पाठवले.

आणि मांजरीनं झाडाशी वैर धरलं. जरा पाठ वळली की ही बुंध्याशी दबा धरून बसलेली, नाही तर फांद्यांत घुसलेली. झाड आडवं, कापूस घरभर. इतकी वर्षं हिनं सुरूच्या फांदीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. भावाचे उपाय सुरू झाले. संत्र्याची सालं पसरली, ती ओलांडून मांजरी आत. चमकणारा कागद अंथरला, ती त्याच्यावर बसून अंग चाटायला लागली. व्हिनेगर शिंपडलं, तर मांजरी राहिली बाजूला, आम्हालाच घरात बसवेना. शेवटी झाड खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधलं. साहेबांचा ख्रिसमस ट्री दावणीला बांधलेल्या बैलासारखा दिसत होता, हे मी बोलून दाखवलं. ते त्याला झोंबलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि आई गाण्यांच्या सरावाला चर्चमध्ये गेलो. परत आलो तर मांजरी नाही. आईनं ताटलीत दूध ओतलं, हाका मारल्या. मग भाऊ सोफ्यावरूनच म्हणाला, "आई, तिला मी पिंपळगाव राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोडून आलो. तिथे ढाबा आहे, उपाशी नाही मरणार. आठवड्यात विसरशील बघ."

आई दुधाचं पातेलं हातात घेऊनच दाराकडे गेली. मी मात्र नाही गप्प बसले. "कोणाले इचारून नेली बे?" मी ओरडले. "घर तुह्यं आहे काय? वर्षातून चार दिवस येतो, अन् आमच्या घरातलं माणूस उचलून फेकून देतो?"

"ताई, मांजर आहे ते. माणूस काय म्हणतेस?"

"तू म्हणू नको. तुले कोणी सांगतलं तिले माणूस म्हनाले?"

आईनंच मला हात धरून आत नेलं. "सणाचं भांडू नोको व," म्हणाली. मला तिचाही राग आला. पोरगा एकुलता एक म्हणून त्याला सगळं माफ!

नाताळच्या दिवशी माणसांची रीघ लागली होती. आई करंज्या वाढायची आणि मध्येच दारात जाऊन उभी राहायची. संध्याकाळी शेवटचे पाहुणे गेले आणि वहिनी किंचाळली. झाडातून उंदीर निघाला होता. भावानं बुंध्याजवळचा कापूस उचलला, तर खाली सरकीच्या टरफलांचा खच, आणि मधोमध कापूस कुरतडून केलेलं घरटं, त्यात गुलाबी पिल्लं वळवळत होती. उंदराला सरकी म्हणजे पेढा, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. पण झाडावर गेल्यावर तो कापूस कुणालाच कापूस वाटला नाही, बर्फच वाटला. त्या घरात एकट्या मांजरीला खरं काय ते दिसत होतं, आणि तिलाच आम्ही चोर ठरवलं होतं. आम्ही कसले, त्यानं.

"पिंजरा आणू उद्या," भाऊ म्हणाला. एवढंच. चुकलो म्हणायला त्याची जीभ काही झडली नसती.

दुसऱ्या दिवशी मी ऑटो केला आणि आईला घेऊन त्या ढाब्यावर गेले. ढाबेवाल्यानं पाहिली नव्हती. आई तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून हाका मारत राहिली, ट्रक जात राहिले. मांजरी आली नाही.

भाऊ निघाला त्या सकाळी आईनं त्याच्या गाडीत फराळाचा डबा ठेवला, नातींचे मुके घेतले. तो म्हणाला, "आई, तुला पुण्याहून छान पर्शियन मांजर आणतो." आईनं तिकडे लक्षच दिलं नाही. काचेवर हात ठेवून तिनं विचारलं, "बाबू, सोडली तवा तोंड कोणीकडं होतं तिचं? गावाकडं, का तिकडं?"

त्यानं जरा आठवून पाहिलं.

"पाहिलं नाही गं आई. पिशवी उलटी केली आणि लगेच गाडी वळवली."