जस्तात घुसलेला काना

भात खाणाऱ्या तमाम जनतेला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या पावसाळ्यात मराठी भाषेतला एक काना आमच्या आत्याच्या शेतात घुसला आणि त्याने हाहाकार माजवला. त्याला तिथे सोडणारा इसम मीच, पेशाने मराठीचा मास्तर आणि हौसेने नट.

पनवेलजवळच्या आमच्या गावात, उंच इमारतींच्या मधोमध, आत्याचं एकच खाचर उरलं आहे. माती तपासणाऱ्या मॅडमनी तिथली माती आणि घरातला मूठभर तांदूळ नेला, आणि परत आल्या त्या कॅडमियम हा शब्द घेऊन. विषारी धातू. नाल्यातल्या सांडपाण्यातून आलेला असावा, म्हणाल्या. भाताची मुळं तो शोषतात आणि दाण्यात भरतात. आत्या मटकन खाली बसली. दिवाळीनंतर नातीचं उष्टावण होतं, आणि पहिला घास घरच्याच भाताचा हे तिने बारशालाच जाहीर केलं होतं.

"पन भात तं पांढराशुभ्र हाय!" एवढंच ती बोलली.

मॅडमनी मला फोनवर उपाय सांगितला. लावणीआधी मातीत जस्त टाका. पुरेसं जस्त मिळालं की मुळं कॅडमियम कमी उचलतात. आणि पाणी आटू देऊ नका. मी हा निरोप माझ्या फोनला रंगभूमीवरच्या थाटात ऐकवला, त्याने तो लिहिला, आणि मी न वाचता पाठवला. आत्याच्या सुनेने तो घरात मोठ्याने वाचला: "खाचरात जास्त टाका."

भात पोटरीला आलं, लोंबी पोटात धरली, तेव्हा मॅडम पाहणीला आल्या. मीही बांधावर होतो.

"जस्त टाकलंत ना?"

"जास्तच टाकलाय! दोन गोनी!" आत्या म्हणाली.

"दोन गोणी जस्त?" मॅडम बांधावरून घसरता घसरता वाचल्या.

सुनेने रिकाम्या गोणी आणून दाखवल्या. आत्या दरवर्षी टाकते तेच स्फुरदाचं खत, फक्त दुप्पट. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "अहो, या खतातूनसुद्धा कधी कधी कॅडमियम येतं!"

सुनेने मेसेज काढून मॅडमपुढे धरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी नाटकं केली, पण प्रेक्षकांनी असं कधीच पाहिलं नव्हतं.

"बाला," आत्या म्हणाली, "तू मास्तर कसा रं झालास?"

अजून एक वाट होती: पानांवर जस्ताची फवारणी. मॅडमनी प्रमाण लिहून दिलं, स्वतःच्या हाताने. पंप पाठीला लावून मी चिखलात उतरलो, आठवड्याने पुन्हा. आत्या बांधावर उभी राहून मला एकही रोप सोडू देत नव्हती. पाणीही तिने शेवटपर्यंत राखलं.

कापणीनंतर मॅडम नवा अहवाल घेऊन ओटीवर आल्या. नात आत्याच्या मांडीवर होती.

"कॅडमियम बरंच उतरलंय. मर्यादेच्या खाली आहे," मॅडम म्हणाल्या. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"पण इतक्या लहान बाळाला एवढंही नको. उष्टावणाला तांदूळ बाहेरून आणा. तुम्ही मात्र खुशाल खा."

माझे हात हवेतच राहिले. सुनेने पदर तोंडाला लावला. आत्या एकदा नातीकडे, एकदा मॅडमकडे बघत राहिली, आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं:

"म्हंजे मी मेले तं चालंल?"