सिंधूने दुरुस्त केलेले हात

कंधारात जयंतीच्या मिरवणुकीचा फलक दरवर्षी सिंधूच रंगवायची. धाकट्या भावंडांना ती रंगाच्या डब्यालाही हात लावू द्यायची नाही. तिचे वडील सटवाजी शाळेत शिपाई होते. ते कौतुकानं सांगायचे, "पोरगी एकटीच करते, कुणाची मदत लागत न्हाई." सिंधूलाही तो आपला मोठा गुण वाटायचा. तोच घेऊन ती लातूरला चित्रकला शिकायला गेली.

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. एका नव्या कचेरीच्या सभागृहातली भिंत रंगवायचं काम कॉलेजकडे आलं. किशनराव सरांनी सिंधूसोबत अहमदपूरचा मन्मथ आणि निलंग्याची दानम्मा यांना दिलं. बहात्तरच्या दुष्काळातलं खडी फोडायचं काम काढायचं ठरलं. तिघांनीही लहानपणी आईमागं जाऊन तिथं वाटली जाणारी सुकडी खाल्लेली होती.

मन्मथचं तोंड सतत चालू. दानम्मा एकच रेघ दहादा खोडायची. सिंधू त्यांच्याकडे पाठ करून आपली टेकडी रंगवत राहिली. दानम्मानं खडी फोडणारी बाई काढली. चेहरा छान उतरला, पण हात फुगलेल्या भाकरीसारखे झाले. सिंधूनं ते पाहिलं आणि ती पुन्हा आपल्या टेकडीकडे वळली.

रविवारी ते दोघं आपापल्या गावी गेले. सिंधूनं चौकीदाराकडून किल्ली घेतली आणि दुपारभर बसून ते हात नव्यानं काढले. मग मानही सरळ केली, लुगड्याचा रंग बदलला, मन्मथनं काढलेली बैलगाडीसुद्धा सोडली नाही. आपण भिंत वाचवली, अशा समाधानात ती हॉस्टेलला आली.

सोमवारी मन्मथ बडबडत आला आणि दारातच थबकला. दानम्मा सरळ भिंतीजवळ गेली.

"हात चांगले झालेत," ती म्हणाली. "ही माझी अव्वा हाय. मला तिचे हात जमत न्हवते. आज तुला विचारायचं म्हणून तसेच ठेवले होते."

तिनं आपले ब्रश पिशवीत भरले आणि ती निघून गेली. मन्मथही तिच्यामागं गेला.

सरांनी भिंत पाहिली. रागावले नाहीत. "आता हे तुझंच काम झालं, सिंधू. राहिलेलं बी तूच कर."

कालपर्यंत हे ऐकून ती फुलली असती. आता तिचे कान तापले. दोन दिवस तिनं एकटीनं ब्रश चालवला, पण एक रेघ मनासारखी येईना. हॉस्टेलवर जेवायला दानम्मा समोर बसली की सिंधू ताट उचलून दुसरीकडे जायची. दानम्माला तिच्या आईचे हात काढायचे होते, आणि आपण ते हिसकावून घेतले, एवढंच डोक्यात फिरायचं.

शेवटी नळावर तिनं दानम्माला गाठलं.

"चुकलं माझं. न विचारता केलं."

"मग आता काय करतीस?"

"पुसू."

"एवढे चांगले हात?"

"हाव. तू काढ. मी बसते समोर."

त्या भागावर त्यांनी पांढरा रंग मारला. सिंधू हातोडा घेऊन जमिनीवर बसली. मनगट कसं वळतं ते ती दाखवायची आणि दानम्मा काढायची. दोघींनी बोलावल्यावर मन्मथही आला आणि त्यानं बैलगाडी परत आपल्या मनासारखी केली. मग सिंधूच्या टेकडीकडे बघून म्हणाला, "हितं माणूसच न्हाई. दुष्काळ पडलाय कुणाला?"

दानम्मा खदखदून हसली. सिंधूलाही हसू आलं, आणि तिनं आपला ब्रश त्याच्या हातात दिला. त्यानं टेकडीवरून उतरणाऱ्या बायांची रांग काढली, वाकडीतिकडी. दुरुस्त करायला सिंधूचे हात शिवशिवले. पण त्या रांगेनं टेकडीवरचा तिचा मेलेला रस्ता चालायला लागला होता. त्या दिवशी अंधारून आलेलं तिघांनाही कळलं नाही.

उद्घाटनाला एका साहेबांनी विचारलं, "या बाईचे हात कुणी काढले?"

"तिघांनी," दानम्मा म्हणाली. सिंधूला मान वर करवली नाही.

पुढं ती बिलोलीच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली. वर्गात ती चौघा मुलांत एकच कागद द्यायची, आणि स्वतःही त्यांच्यात मांडी घालून बसायची. त्यात तिला खरोखर मजा यायची. लातूरच्या भिंतीबद्दलही ती मुलांना सांगायची. फक्त त्या रविवारची गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही.