साडीतली मावशी, ड्रेसमधली टीचर

शाळेच्या मोठ्या मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं, "सोमवारपासून या. दोघीही या. कपडे सोबर घाला." मी "हो मॅडम" म्हणाले आणि फोन ठेवून कपाटापुढं बसले. सोबर म्हणजे नेमकं काय, हे विचारायची मला लाज वाटली होती. आमच्या दोघींत बी.ए. झालेली मी, धाकटी जाऊ बारावी. तिनं मात्र पलंगावर बसल्याबसल्या सांगून टाकलं, "सोबर म्हंजे भडक नको, अक्का. चमकी न्हाई, टिकल्या न्हाईत. साधं."

तिला बरं माहीत, म्हणून तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं.

तसं ते दुखणं जुनंच होतं. ती शिराळ्याची. तिकडच्या बायकांसारखी "मी जातो, मी येतो" म्हणते. मी असं काही बोलले असते तर घरात सगळे हसले असते. तिचं ऐकून सासूबाई कौतुकानं हसायच्या. आम्ही दोघी सासूबाईंना आत्या म्हणतो. मी लग्न होऊन फलटणला आले तेव्हा आत्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "आपल्यात साडीच असती." मी मान डोलावली. माहेरून आणलेले ड्रेस ट्रंकेत तळाला गेले ते गेलेच. बारा वर्षं मी साडीत भांडी घासली, साडीत गॅसची टाकी सरकवली, बाळंतपणाहून आल्यावर साडीतच जिना चढले. आणि ही? लग्नाला दोन महिने झाले नव्हते तेव्हा एका सकाळी ड्रेस घालून खोलीबाहेर आली. मी आत्यांकडं बघितलं. म्हटलं, आता होणार काहीतरी.

ती म्हणाली, "आत्या, साडी पायात येती वो. जिन्यावरनं पडलो तर दात पडतील माझं."

आत्या हसल्या. झालं. एवढंच झालं. माझी तोवरची चार वर्षं तिच्या एका वाक्यात निकालात निघाली.

नोकरीसुद्धा तिच्यामुळंच मिळाली, तेही मला खुपत होतं. तिच्या मुलीला पहिलीत घालायला ती शाळेत गेली, तिथं कळलं की पहिलीच्या दोन तुकड्यांना दोन असिस्टंट हव्या आहेत. मुलांना रांगेत उभं करायचं, डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, बाथरूमला न्यायचं, पेन्सिलींना टोकं करायची. ही लगेच म्हणाली, "आमी दोघी जावा येतो की." आमचे नवरे शिरवळच्या कंपनीत, सकाळी एकाच बसनं जातात नि संध्याकाळी एकाच बसनं येतात. आता आम्हीही एकत्र जाणार, याचं घरात सगळ्यांना फार कौतुक वाटलं. मला सोडून.

सोमवारी मी जांभळी काठपदराची साडी नेसले. सोबर म्हणजे साधं, हे ऐकलं होतं. पण पहिला दिवस, शाळा इंग्लिश मीडियमची, माणसांनी बघितल्यावर म्हटलं पाहिजे की ही शिकलेली बाई आहे. निऱ्या मोजून घातल्या, पदराला खांद्यावर, कमरेला, निऱ्यांना, जिथं जिथं सुटेल असं वाटलं तिथं पिना लावल्या. जाऊ पिस्ता रंगाच्या कुर्त्यात आणि पांढऱ्या बुटांत आली. बूट! मी म्हटलं, "शाळेत चालली आहेस का मॉर्निंग वॉकला?" ती म्हणाली, "आवं, पोरांच्या मागं पळायला लागतंय न्हवं."

शाळेत गेल्यावर मला माझी चूक कळली, पण उशिरा. त्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिका कुर्ता घालणाऱ्या. साडीत फक्त एकच बाई होती, घंटा द्यायची, व्हरांडा झाडायची. तिला सगळी शाळा मावशी म्हणायची. आणि आता भिंतीपाशी जांभळ्या साडीत दुसरी उभी राहिली.

पहिल्या दहा मिनिटांतच एका पोरानं मला हाक मारली, "मावशी, माझ्या डब्याचं झाकण निघंना."

मी झाकण काढून दिलं. शेजारच्या वर्गातून आवाज आला, "टीचर, तुम्ही आमच्या वर्गात बसणार?" आणि माझ्या जावेचा आवाज, "व्हय, बसणार की."

सहा वर्षांच्या पोरांना कुणी शिकवलेलं नसतं. त्यांनी कपडे बघून हिशोब केला. कुर्ता म्हणजे टीचर, आणि टीचरला तुम्ही. साडी म्हणजे मावशी, आणि मावशीला तू. आमचं काम एक, पगार एक, दोघींच्या गळ्यात असिस्टंट लिहिलेलं एकसारखं आयकार्ड. तिला "टीचर, तुम्ही इकडं या ना." मला "मावशी, तू इकडं ये." बारावीला तुम्ही आणि बी.ए.ला तू. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

त्याच दिवशी एक मुलगी रडत येऊन माझ्या कमरेला बिलगली आणि दचकून मागं झाली. तिच्या गालावर पिनेचा ओरखडा उठला होता. मोठ्या मॅडम रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "पिना नको हं मावशी." मॅडमसुद्धा मावशी म्हणाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन सगळ्या पिना काढल्या आणि पदर कमरेला खोचला. तो काही दिवसभर खोचलेला राहिला नाही. मोकळा पदर म्हटल्यावर जो तो त्याला हात पुसायला लागला. शेंबूड, पोळीचं तूप, पाण्याच्या बाटलीतली गळती, सगळं माझ्या पदरात. दुसऱ्या दिवसापासून जुन्या सुती साड्या काढल्या.

ओरखडा उठलेली ती मुलगी फार रडकी होती. आई-वडील दोघंही दुकानावर, घरी कुणी नाही म्हणून आपल्याला इथं आणून सोडतात, असं वाटून तिला शाळा म्हणजे शिक्षाच वाटायची. ती माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसायची. डब्याच्या वेळी व्हरांड्यात मी जिथं जाईन तिथं मागं मागं. पदर हातात असला की रडायची नाही. मला तिचा राग यायचा. मला वाटायचं, हिच्यामुळंच मी मावशी दिसते. पदराला पोर लटकलेलं असल्यावर टीचर कोण म्हणणार?

आईच्या वर्गात मूल नको म्हणून जावेच्या मुलीला माझ्या तुकडीत टाकलं होतं. घरी ती मला मोठी मम्मी म्हणते. शाळेत सगळी मुलं म्हणतात ते तिनंही उचललं. शाळेत मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण एका रात्री आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, आमटी तिखट झाली होती, तिनं ताटावरून माझ्याकडं बघून हात केला आणि म्हणाली, "मावशी, पाणी दे."

दिराला हसू आवरेना. जाऊ तिला रागावली, "मोठी मम्मी म्हण." रागावताना तिचे ओठ हसत होते, मी बघितलं. मी पाणी दिलं. मग ताट बाजूला सारून आत्यांना म्हटलं, "मी उद्यापासून शाळेत ड्रेस घालणार आहे." आवाज मी भांडणाचाच लावला होता. बारा वर्षांचं सगळं मनात तयार होतं, कुठून सुरुवात करायची तेवढं बाकी होतं.

आत्या भात कालवता कालवता म्हणाल्या, "मग घाल की."

"तुम्हीच म्हणाला होतात, आपल्यात साडीच असती."

"म्हंटली आसंन. तवा सगळ्याच नेसायच्या. तू परत इचारलंस कवा? मला वाटलं तुला साडीच आवडती. नेसतीस बी चापूनचोपून."

रडावं की ओरडावं तेच मला कळेना. त्या नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान कुणावर तरी रागावता आलं असतं. जावेला मिळालं कारण तिनं मागितलं, एवढी साधी गोष्ट निघाली, आणि त्यामुळं ती मला आणखीच डोळ्यात खुपायला लागली.

ड्रेसचं कापड घ्यायला आम्ही दोघी बाजारात गेलो. ती म्हणाली, "अक्का, राणी कलर घ्या. तुमाला लय शोभंल." मला वाटलं, सोबर म्हणजे भडक नको असं मलाच शिकवणारी ही मुद्दाम राणी रंग गळ्यात मारते आहे. मी मेंदी रंग घेतला. घरी आल्यावर आरशात धरून बघितला, तर मी आजारी दिसत होते. पण तिला सांगितलं, "झकास आहे." टेलरनं ड्रेस शिवून दिला तो श्रावण लागल्यावर.

पंचमीला जाऊ शिराळ्याला गेली. तिकडची पंचमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, माहेरवाशीण घरी नसली तर भाऊ रुसतात. मुलीला घेऊन ती चार दिवस गेली आणि मला मोकळं रान मिळालं. मी मेंदी ड्रेस घातला, ओढणी एका बाजूला घेतली, केसांना क्लिप लावली. बूट नव्हते, पण सँडल बऱ्या होत्या. सणामुळं निम्मा वर्ग रिकामा होता. ती रडकी मुलगीही गावाला गेली होती. जी मुलं आली होती त्यांनी पहिल्या तासाला मला नीट निरखलं. एकानं विचारलं, "मावशी, तू आज टीचर झालीस?" दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं, "टीचरला तू म्हणत नाहीत."

मग सगळ्यांनी ऐकलं. "टीचर, तुम्ही हे बघा." "टीचर, तुमची बाटली पडली." मी घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं तरी थांबले नाही. त्या चार दिवसांत कुणी माझ्या अंगाला हात पुसला नाही. माझा ड्रेस संध्याकाळी घरी येईपर्यंत सकाळसारखा राहायचा. मला ते फार आवडलं. मी आणखी दोन ड्रेस शिवायला टाकले.

रविवारी रात्री जाऊ परत आली. सोमवारी सकाळी खोलीबाहेर आली ती साडी नेसून. पंचमीला भावानं घेतलेली, फिकट आकाशी, मऊ सुती साडी, काठ बारीक. मला मेंदी ड्रेसमध्ये बघून म्हणाली, "अक्का, लय भारी दिसताय!" भावानं घेतलेली साडी एकदा तरी नेसायची असते, एवढंच कारण होतं, ते मला माहीत होतं. तरीही वाटलं, ही मी जाईन तिथल्या उलट्याच बाजूला जाऊन उभी राहणार. आणि तिला जमली होती साडी. एकही पीन नाही, तरी चोपून बसलेली. बारा वर्षं नेसून माझ्या अंगावर ती इतकी सहज कधी दिसली नाही.

डब्याच्या वेळी दोन्ही तुकड्या व्हरांड्यात बसल्या. ती रडकी मुलगी गावाहून आली होती आणि सकाळपासून पुन्हा मुसमुसत होती. वर्गात मी तिच्याजवळ दोनदा गेले. तिनं माझ्या कमरेशी हात नेला, ओढणी लागली, ती घसरून हातात आली आणि तिनं सोडून दिली. मी म्हटलं, नंतर बघू, रांग लावायची आहे.

व्हरांड्यात ती डबा तसाच ठेवून उठली. मला वाटलं माझ्याकडं येते आहे. मी तिच्यासाठी जागासुद्धा केली. ती माझ्यावरून पुढं गेली, जावेजवळ जाऊन उभी राहिली, आकाशी पदराचं टोक शोधलं, बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "मावशी, माझा डबा उघडून दे."

जावेनं तिला मांडीवर घेतलं. "दे हिकडं, बाय माझी." एका क्षणात. मी दोन महिने तिला पदर दिला, पण मांडीवर एकदाही घेतलं नव्हतं. पोरीचं रडणं थांबलं.

माझ्या पोटात जे दुखलं ते आजवरच्या सगळ्या दुखण्यांपेक्षा जास्त दुखलं. मी उठले, त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसले. ड्रेसमध्ये उकिडवं बसणं सोपं असतं. मुलीचा दुसरा हात मी धरला आणि म्हटलं, "अगं, मावशी तर मी आहे ना?"

स्वतःसाठी तो शब्द मी तोंडातून पहिल्यांदाच काढला होता. जाऊ माझ्याकडं बघायला लागली.

मुलीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओढणी, क्लिप, मेंदी रंग. मग माझ्या हातातून आपला हात हळूच, अगदी अदबीनं काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही टीचर."